चौथं कडवं

४ जून

काका,

हे पत्र वाचायच्या आधी बसून घ्या. माझी नोकरी गेली. गेली म्हणजे अख्खं दुकानच गेलं. सोमवारी सकाळी आम्ही सहा जण नेहमीसारखे पोचलो, तर शटरवर कागद चिकटवलेला: 'गाद्यांचे दुकान कायमचे बंद.' सही नाही, शिक्का नाही. आत एकशेदहा गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आडव्या, आणि बाहेर आम्ही सहा जण उभे.

चार वर्षं मी तक्रारींच्या टेबलावर काढली. 'गादी टोचते', 'गादी खचते', 'गादीतून कुईकुई आवाज येतो.' परत आलेली प्रत्येक गादी मी स्वतः लोळून तपासायचे, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव गाद्यांत काही दोष नसायचा. त्यावरून माझ्या डोक्यात एक धंदा आला आहे. सगळं आत्ताच सांगत नाही, तुम्ही हसाल. एवढंच सांगते की त्यासाठी मला तुमचा आवाज हवा आहे.

तुमचा तो जुना टेपरेकॉर्डर चालतो ना? त्याच्यावर शाळेतल्या कविता म्हणून पाठवा. वर्गात म्हणायचात तशाच. घाई नको, हातवारे नकोत, एका लयीत. माझ्याबरोबर कानसेन आहे. दुकानाच्या जाहिराती तोच ध्वनिमुद्रित करायचा. लोक फोनवर ऐकतील.

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तुम्हीच बोलता.

तुमची टिटवी


११ जून

टिटवे,

बसून वाचलं, पण उभं राहावं लागलं. आधी तुझ्या नोकरीनं हबकलो आणि मग तुझ्या मागणीनं. माझा आवाज? निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. आता या आवाजाला विचारतं कोण? दूधवाला विचारतो, 'एक की दोन?' एवढंच.

पण खोटं कशाला बोलू, पत्र घडी करून खिशात घातलं आणि दिवसभर खिसा चाचपत होतो. दुपारचा तास आठवला. खिडकीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात खडूची धूळ तरंगायची आणि मी सहावीच्या पुस्तकातली ती वाटसरूची कविता म्हणायचो. वर्ग इतका शांत, की खडू खाली ठेवला तर आवाज व्हायचा. मुलं डोळे मिटून ऐकायची. डोळे मिटून! दुसऱ्या मास्तरांच्या तासाला नुसता मासळीबाजार. ते मला म्हणायचे, 'गुरुजी, तुम्ही काय जादू करता?' मी म्हणायचो, जादू माझी नाही, कवितेची.

शेजारी वेल्डरचं दुकान आहे, दिवसभर ठणठण. म्हणून कपड्यांच्या कपाटात डोकं घालून कविता म्हटल्या. घामाघूम झालो. डांबरगोळ्यांच्या वासानं मध्ये एकदा शिंक आली आहे, ती कानसेनला काढता येत असेल तर काढ म्हणावं. वाटसरूची कविता आधी घेतली आहे.

तुझा धंदा कसलाही असो, तो कवितेचा आहे एवढं मला पुरेसं आहे.

तुझा काका


१५ जून (कचेरीतल्या चिठ्ठ्या, एकाच कागदावर)

कानसेन, ही काकांची पहिली फीत. तपासून सांग. बसून ऐक, आडवा होऊ नकोस. — टि.

बसूनच ऐकली. नवव्या मिनिटाला गेलो. उठलो तेव्हा गाल टेबलाला चिकटला होता आणि पावणेचार वाजले होते. बाई, हे काय आहे! मला सात वर्षांत दुपारी झोप लागलेली नाही. गादी-बिदी सोड, खरा माल हा आहे. पण काकांना सांगितलंस ना, लोक कशासाठी ऐकणार ते? — का.

नाही. आणि तूही सांगायचं नाहीस. लहानपणी मी झोपायचीच नाही, म्हणून तर माझं नाव टिटवी. बाबा मला उचलून काकांकडे न्यायचे, काका कविता म्हणायचे आणि मी दुसऱ्या कडव्याला गाढ. काकांना आजही वाटतं की मी मन लावून ऐकत होते. — टि.


२ ऑगस्ट

काका,

धंद्याचं नाव ठेवलं 'शेवटचा बाक'. पहिल्या आठवड्यात चाळीस जण ऐकत होते, त्यातले अकरा कानसेनचे नातेवाईक. काल रात्रीपर्यंत अकरा हजार झाले! कानसेननं आकडा तीनदा मोजला आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही लबाडी केली आहे. गाद्यांचा एक कारखानदार आपणहून भेटायला आला. त्याला प्रत्येक नव्या गादीबरोबर तुमचा आवाज द्यायचा आहे. दुकानातल्या उरलेल्या चौघांनाही मी कामावर घेतलं. काका, तुमच्या आवाजावर सहा घरं उभी आहेत.

आणखी फिती पाठवा. दीर्घ कविता असतील तर उत्तम.

तुमची टिटवी


९ ऑगस्ट

टिटवे,

अकरा हजार! तुझं पत्र वाचून मी वेल्डरकडे गेलो आणि त्यालाच वाचायला लावलं, म्हटलं माझे डोळे धोका देत असतील. त्यानंही अकरा हजारच वाचलं. माझ्या सगळ्या वर्षांतले सगळे वर्ग एकत्र बसवले तरी इतकी डोकी होणार नाहीत.

आणि नाव तर काय ठेवलंस! 'शेवटचा बाक'. जी मुलं मागे बसून राहिली, ती आता कवितेकडे वळली. गाद्यांच्या कारखानदारालासुद्धा कवितेची ओढ असावी याचं नवल वाटतं, पण माणसाच्या आत काय असतं कोणी सांगावं?

आता मला हे कळव. ऐकणारे काय म्हणतात? कुठलं कडवं त्यांना आवडतं? कुठे अडखळतात? चौतीस वर्षांत मला एकाही मुलानं कवितेबद्दल एक प्रश्न विचारला नाही. ऐकायची, आणि घंटा झाली की जायची. आता मोठी माणसं ऐकतायत, ती तर विचारतील. एकानं जरी काही विचारलं असेल तर मला ताबडतोब लिही.

पाच फिती पाठवत आहे. कपाटातले कपडे कमी केले, आता गुदमरत नाही.

तुझा काका


१६ ऑगस्ट

काका,

फिती मिळाल्या, फारच छान. लोक विशेष काही विचारत नाहीत, ते तुमचं ऐकून अगदी शांत होतात. कारखानदाराच्या गडबडीत आहे, सविस्तर नंतर लिहीन. अशाच आणखी पाच पाठवाल का?

टिटवी


१७ सप्टेंबर

पुतणीबाईंना,

काल सकाळी न्हाव्याकडे गेलो होतो. मानेभोवती कापड, गालाला साबण. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरावर तुमचे फार उपकार आहेत."

"माझे? ते कसे?"

"आमची ही! पाच वर्षं गोळी घेत होती. आता तुम्हाला घेते."

म्हटलं, "मला घेते म्हणजे?"

"अहो, फोन उशाशी लावते. तुम्ही दोन ओळी म्हणता न म्हणता, की ही घोरायला लागते. गोळ्या फेकून दिल्या गटारात!"

पलीकडच्या खुर्चीतला गिऱ्हाईक साबणासकट हसला. म्हणाला, "मी तर पहिल्याच ओळीला गारद. मला सवय आहे ना! गुरुजी, मी तुमच्या वर्गात होतो, सहावी ब. तेव्हाही असाच झोपायचो. सगळा वर्ग झोपायचा. बाकी मास्तरांच्या तासाला आम्ही दंगा करायचो, कारण झोप तुमच्या तासाला पुरी झालेली असायची."

एक गाल तसाच सोडून मी उठलो. रस्त्यानं साबण पुसत आलो. लोक बघत होते. बघू देत.

घरी येऊन तुझी सगळी पत्रं काढली. 'लोक अगदी शांत होतात.' खरंच, एक शब्द खोटा नाही. किती जपून लिहिलं आहेस! अकरा हजार माणसं मला ऐकत नाहीत, हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. न्हाव्याला ठाऊक, कारखानदाराला ठाऊक. कपाटात डोकं घालून बसणारा म्हातारा तेवढा वेडा.

झोपेचं औषध विकायचं होतं तर तसं सांगायचं होतंस. मी बाटलीवर नाव लावू दिलं असतं. कवितेचं नाव कशाला घेतलंस?

काका


२१ सप्टेंबर

काका,

तुमचं पत्र वाचलं. मी लपवलं. सबब नाही. सांगितलं तर तुम्ही कविताच म्हणणार नाही अशी भीती होती, आणि पुढे पुढे तुमचा आनंद बघून जीभ रेटेना.

दुकानात एकदा एक बाई आली होती. तिसऱ्यांदा गादी परत करायला. मांडून ठेवलेल्या गादीवर बसून रडायलाच लागली, म्हणाली, गादीत काही नाही हो, मला झोपच येत नाही. मी तुमच्या चालीत ती वाटसरूची कविता म्हटली. ती किमतीच्या चिठ्ठीवर गाल ठेवून दीड तास झोपली. दुकान बंद करायच्या वेळीही आम्ही तिला उठवलं नाही. माझी कल्पना म्हणजे एवढीच होती.

तुमच्या आवाजाला मी औषध म्हटलं नव्हतं हो. पण तुम्ही 'थांबव' म्हणालात तर उद्या थांबवते.

टिटवी


२० ऑक्टोबर

टिटवे,

महिनाभर फितींना हात लावला नाही. आज बारावी पाठवतो आहे. सहा घरं म्हणालीस, त्यांचा विचार केला.

मात्र मी मास्तर आहे. ज्या वर्गात मुलं झोपतात त्या वर्गात मास्तरानं काय करायचं, हे चौतीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मुलं झोपतात हेच मला माहीत नव्हतं. आता कळलं आहे, तर कर्तव्य केलं आहे. वाटसरूची कविता पुन्हा म्हटली आहे. शेवटी वर्गात विचारतात तसा एक प्रश्न विचारला आहे.

काका


६ नोव्हेंबर

काका, अहो काका!

प्रश्न विचारला आहे, असं तुम्ही साधेपणानं लिहिलंत. पट्टीबद्दल एक शब्द लिहिला नाहीत!

आधी माझा गुन्हा सांगते. तुमच्या फिती तपासायला मी आणि कानसेन बसतो खरे, पण आजवर एकही फीत आम्ही शेवटपर्यंत ऐकलेली नाही. ऐकताच येत नाही. अकराव्या मिनिटाच्या पुढे काय आहे हे आमच्या कचेरीत कोणालाच माहीत नाही. बारावी फीतसुद्धा आम्ही तशीच 'तपासली' आणि सोमवारी चढवली.

तेविसाव्या मिनिटाला तुम्ही टेबलावर लाकडी पट्टी हाणलीत आणि गरजलात: "उठा! शेवटच्या बाकावरचे, तुम्हीच! सांगा, या कवितेत कवी कोणाशी बोलतो आहे?"

काका, चौदा हजार माणसं एका रात्रीत दचकून उठली. एक गृहस्थ पलंगावरून पडले, पलंग बुटका होता म्हणून निभावलं. एका बाईनं नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला, तिला वाटलं तोच ओरडला. एक निवृत्त फौजदार अंथरुणात उभे राहिले आणि म्हणाले, 'हजर!' सकाळी नऊला मी कचेरी उघडली तेव्हा नऊशे तक्रारी. चार वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसले, पण असं काही पाहिलं नव्हतं. कारखानदारानं फोन करून विचारलं, "हे काय होतं?" आणि उत्तराची वाट न बघता ठेवून दिला.

संपलं, असं म्हणून आम्ही वाचत बसलो. तर दुपारी कानसेन म्हणाला, "यात नुसत्या शिव्या नाहीत. उत्तरं आहेत." मोजली. दोनशे चौदा! लोक पलंगावरून पडले, शिव्या दिल्या आणि खाली तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. 'कवी वाटेशी बोलतो.' 'देवाशी.' 'पायांशी, कारण पाय दुखतायत.' फौजदारांनी तर दीड पान लिहिलं आहे. काही विचारतायत, पुढचा प्रश्न केव्हा? कानसेनला आता वेड लागलंय. तो म्हणतो, रात्री झोपवणारी आणि सकाळी उठवणारी अशा दोन वेगळ्या फिती काढू, सकाळच्या फितीत प्रश्न. काल कारखानदारही पुन्हा आला. धंदा बुडाला नाही, दुप्पट झाला. माझा अजून विश्वास बसत नाही.

सगळी उत्तरं गाठोडं बांधून पाठवते आहे, गुण द्या. एकच तेवढं इथे उतरवते, कारण त्यावर लगेच काहीतरी करायला हवं. एका वयस्क बाईंचं आहे. म्हणतात:

'मी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली. छापायच्या आधी चुका शोधायच्या, हे माझं काम. तुमचं पाठ्यपुस्तक सहा वेळा माझ्या हाताखालून गेलं आहे. तुमच्या आवाजानं मला झोप लागत नाही. कुठे चूक येईल या धास्तीनं मी जागी राहते, म्हणून बाराही फिती शेवटपर्यंत ऐकल्या. पट्टीनं मी दचकले नाही, मी जागीच होते. प्रश्नाचं उत्तर: कवी वाटेशी बोलतो. पण त्या कवितेला कडवी पाच, आणि आपण सहा म्हणता. चौथं कडवं पुस्तकात नाही, कुठल्याच आवृत्तीत नव्हतं. त्या कडव्यातला माणूस कवी नव्हे. त्याला निघायला हवं होतं आणि तो बसून राहिला. ते कडवं कोणाचं?'

काका, वयानं होतं असं, एखादी ओळ कुठून तरी येऊन मिसळते. मनाला लावून घेऊ नका. चूक बाहेर राहायला नको म्हणून कानसेन चौथं कडवं कापून टाकतो आहे. दोन मिनिटांचं काम, सांधासुद्धा कळणार नाही. शुक्रवारी दुरुस्त फीत चढवतो.

टिटवी


९ नोव्हेंबर

टिटवे,

कापू नका. वेल्डरला सांगून या पत्राचा फोटो तुझ्या फोनवर पाठवतो आहे, टपालाला वेळ नाही. कानसेनच्या हातातली कात्री आधी काढून घे आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र अंगणात उभ्यानं वाचत होतो. त्या बाईंच्या शेवटच्या वाक्याशी आलो आणि खाली बसलो. वेल्डर पाणी घेऊन आला, म्हणाला, "कोणी गेलं का?" म्हटलं, नाही रे, कोणी आलं.

ते कडवं माझं आहे. चुकून मिसळलेलं नाही, मी घातलेलं आहे.

तू तीन वर्षांची होतीस. मी दुपारी शाळेतून घरी आलो तर दार उघडं आणि घरात कोणी नाही. चूल गरम होती. तुझी काकू जरा शेजारी गेली असेल असं वाटलं. पाय दुखत होते. वहाणा काढल्या आणि चुलीपाशी बसलो. बरं वाटलं गं, काय सांगू! त्या घरात इतकं सुखानं मी कधी बसलो नसेन. वीस मिनिटं बसलो. शेजाऱ्यांनी तिला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं होतं, आणि मला सांगायला शाळेकडे धावलेला माणूस दुसऱ्या रस्त्यानं गेला होता. मी पोचलो तेव्हा डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आला असतात तर बोलली असती.

हे मी तुझ्या बाबांनाही सांगितलं नाही. 'मला निरोप मिळाला नाही' एवढंच सांगितलं, आणि तेही खरंच होतं. बघ, जपून खरं बोलायची कला तू माझ्याकडूनच उचलली असशील.

दोन महिन्यांनी वर्गात वाटसरूची कविता आली. तिसरं कडवं झालं आणि तोंडातून आपोआप हे निघालं:

दार मोकळे, आत न कोणी,
चूल तरीही ऊब देतसे;
दमल्या पाया 'बैस' म्हणे ती,
वाट अंगणी उभी होतसे.

घाबरलो. कोणीतरी म्हणेल, 'गुरुजी, हे पुस्तकात नाही.' म्हणालं की सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं. कोणी म्हणालं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा म्हटलं, मुद्दाम. त्याच्या पुढच्याही. बावीस वर्षं म्हटलं. एकदा तर तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर होते, पुस्तक उघडून. तेही काही बोलले नाहीत. आता कळतं, तेही झोपले असणार. मला मात्र वाटायचं, सगळ्यांना कळलं आहे आणि दयेपोटी कोणी विचारत नाही.

आणि आज अडतीस वर्षांनी, तुझ्या झोपेच्या दुकानात, एक बाई जागी निघाली.

धंदा करा, दुप्पट करा. रात्रीच्या फिती देतो, सकाळच्याही देतो. लोक माझ्या आवाजानं झोपले तर आता माझी तक्रार नाही, मी स्वतः चुलीपाशी बसलेला माणूस आहे. पण फितीतून ते कडवं काढलंस तर तुझा-माझा पत्रव्यवहार संपला.

या पत्राची नक्कल त्या बाईंना पाठव. त्यांना वेगळं उत्तर लिहायला घेतलं होतं, तीनदा फाडलं. इतकी वर्षं या प्रश्नाची वाट बघितली आणि विचारला गेल्यावर हात चालत नाही.

काका


२३ नोव्हेंबर (साधं कार्ड, बारीक सरळ अक्षर)

गुरुजी,

आपल्या पुतणीनं पाठवलेली नक्कल मिळाली. एक दिवस ती बाजूला ठेवून दिली होती, मग वाचली.

चौथं कडवं काढू नये. पुस्तकातलं पाचवं काढलं तरी चालेल. ते पान भरावं म्हणून घातलं असावं असा मला पहिल्या मुद्रितापासून संशय आहे.

आपलं कडवं तीन वेळा तपासलं, एकदा मोठ्यानं वाचून. माझ्या हातून कागद दुरुस्तीशिवाय सहसा सुटत नाही, छापखान्यातले लोक त्यावरून मला फार बोलायचे. इथे लाल पेन उघडलं आणि तसंच बंद केलं.

छपाईस हरकत नाही.